‘नुसतं बसवून ठेवलंय’: अठराच्या आतल्या लेकराला पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं

“वकीलबाई, पोराला अटक नाही केली, नुसतं बसवून ठेवलंय.”

रात्री साडेअकराला फोनवर एक आजी मला हे सांगत होती. नातू सोळा वर्षांचा, अकरावीला. क्लासेससाठी शेजारच्या जिल्ह्याच्या गावी खोली करून राहिलेला. अभ्यासिकेतून मित्राच्या गाडीवर मागं बसून येताना नाकाबंदीत दोघांना थांबवलं. त्या भागात दोन दिवसांपूर्वी कुणाचा तरी मोबाईल हिसकावला गेला होता आणि हिसकावणारी गाडीवरची दोन पोरंच होती. एवढ्यावर दोघांना ठाण्यात नेलं. आई-बाप ऊसतोडीची उचल (आगाऊ पैसे) घेऊन कर्नाटकात साखर कारखान्यावर गेलेले. आजीला वाटलं, अटक नाही म्हणजे काळजीचं कारण नाही. मी तेव्हा वकिलीत नवी होते. मलाही तसंच वाटलं, सकाळी बघू म्हणाले.

पहाटे साडेतीनला पोरगं सुटलं, गालावर बोटं उमटलेली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात विचारायला गेले तर त्या रात्री असं कुणी लेकरू तिथं आलंच नव्हतं. स्टेशन डायरीत ओळ नाही, नोटीस नाही, कुणाची सही नाही. चार तास कागदावर घडलेच नव्हते.

त्यानंतरच्या वर्षांत असे फोन पुष्कळ आले आणि एक गोष्ट पक्की कळली. कायद्यात ‘बसवून ठेवणं’ अशी अवस्थाच नाही. एक तर माणूस मोकळा असतो, उठून घरी जाऊ शकतो. नाही तर तो ताब्यात असतो, आणि ताब्यात घेतल्या क्षणापासून नोंद, कारण सांगणं, पालकांना कळवणं आणि चोवीस तासांचं घड्याळ सुरू होतं. लेकरांवर अन्याय होतो तो बहुतेक वेळा या दोहोंच्या मधल्या बेनोंदी वेळात. खाली जे सांगते आहे त्याचा सगळा रोख एवढाच आहे की आपलं लेकरू त्या अधांतरी वेळात राहू द्यायचं नाही.

कायदा कोणता

अठरा वर्षं पूर्ण न झालेलं प्रत्येक जण कायद्याने बालक आहे, मग त्याला मिशी फुटलेली असो की तो सहा फूट उंच असो. अशा मुला-मुलीवर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याला ‘आरोपी’ म्हणत नाहीत, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. त्याला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू होतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण लेकरांसाठी बाल न्याय कायदाच वरचढ आहे. ठाण्यात कुणी “आता नवीन कायदा आलाय, जुनं काही चालत नाही” म्हणालं तर गडबडून जाऊ नका.

चार शब्द पाठ करून ठेवा, ठाण्यात ते उच्चारले की समोरच्याचा सूर बदलतो. बालकल्याण पोलीस अधिकारी: बाल न्याय कायद्याच्या कलम १०७ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा असा एक अधिकारी नेमलेला असावाच लागतो. विशेष बाल पोलीस पथक: हे जिल्हा पातळीवर असतं. बाल न्याय मंडळ: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली किमान एक महिला. आणि निरीक्षणगृह, ज्याला आपल्याकडं अजून रिमांड होमच म्हणतात.

घरी आधीच करून ठेवायची कामं

पहिलं काम फोन नंबरांचं. ठाण्यात सगळ्यात आधी मोबाईल काढून घेतला जातो आणि आजकालच्या लेकरांना आईचा नंबरसुद्धा पाठ नसतो. दोन नंबर तोंडपाठ पाहिजेत: एक घरातल्या मोठ्या माणसाचा, एक त्या गावातल्या कुणाचा तरी, म्हणजे खोलीमालक, वसतिगृहाचे रेक्टर किंवा मामा-मावशी. लातूर-नांदेडला क्लासेससाठी एकटं राहणाऱ्या पोरांच्या बाबतीत हा दुसरा नंबर जास्त कामाचा. गावाहून बाप निघून पोचेपर्यंत तीन तास जातात, खोलीमालक पंधरा मिनिटांत पोचतो.

दुसरं काम वयाच्या पुराव्याचं, आणि इथं जरा थांबते, कारण इथं घोळ फार होतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्मदाखला. तेही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या क्रमात नाही. आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. आपल्या भागात अनेकांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे लिहिलेली. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर दुसरीच तारीख आणि आधारवर तिसरी. तीन कागदांवर तीन तारखा असल्या की एखादा सतरा वर्षांचा मुलगा ठाण्यात एकोणीसचा ठरतो आणि मोठ्यांच्या कोठडीत जातो. म्हणून बोनाफाईड किंवा निर्गम उताऱ्याची एक प्रत घरी ठेवा, एक फोटो घरातल्या मोठ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा. वय पुढं कोणत्याही टप्प्यावर मांडता येतं, खटला संपल्यावरही. पण पहिल्या रात्रीच मांडलेलं बरं, लेकराची ती रात्र वाचते.

तिसरं काम ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी. बीड, जालना, परभणी, धाराशिवकडची कितीतरी लेकरं दिवाळीनंतर सहा महिने आजी-आजोबांकडं असतात. ठाण्यात मग “आई-बापाला आण, आजीबिजी चालत नाही” असं ऐकावं लागतं. तसं काही नाही. कायद्यातल्या ‘पालक’ या शब्दात लेकराचा प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्तीही येते. तरी निघण्याआधी एका साध्या कागदावर लिहून ठेवा: अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत आमची मुलं त्यांच्या आजीच्या किंवा मामाच्या सांभाळात आहेत, दोघांच्या सह्या, गावातल्या दोन माणसांच्या सह्या. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. सांभाळ कुणाकडं आहे याचा हा पुरावा असतो आणि आजीला तो हातात धरून बोलता येतं.

रस्त्यात थांबवलं तर

हा भाग लेकरांना वाचून दाखवा.

पळू नकोस. तू काही केलेलं नसलं तरी पळणारा पोरगा हाच संशयाचा पुरावा समजला जातो. गाडी बाजूला घे, हात दिसतील असे ठेव, ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हणून बोल. अधिकार माहीत असणं आणि आवाज चढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलिसाचा हात झटकला, कॉलर धरली, तर ज्याला लोक अजून ‘३५३’ म्हणतात ते सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याचं कलम लागू शकतं. न्याय संहितेत ते १३२ झालं आहे. अर्ध्या सेकंदाचा राग आणि वर्षानुवर्षं तारखा.

नाव, गाव, पत्ता खरा सांग. खोटं नाव सांगणं किंवा नाव सांगायला नकार देणं यावरूनच काही परिस्थितीत ताब्यात घेता येतं. शाळा-कॉलेज कोणतं, कुठून कुठं चालला आहेस, हेही सरळ सांग, त्यात लपवण्यासारखं काही नसतं.

त्यापुढचे प्रश्न निराळे. “मोबाईल कुणी चोरला? तूच ना? मित्राचं नाव सांग.” इथं राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३) तुझ्या बाजूने आहे: स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. ज्या उत्तराने तू स्वतः गुन्ह्यात अडकशील असं उत्तर देण्याचं बंधन तुझ्यावर नाही. हे वकिली भाषेत म्हणायची गरज नाही. “साहेब, माझं वय सोळा आहे. माझे घरचे आल्यावर मी सगळं सांगतो,” एवढं वाक्य पुरेसं आहे. हेच वाक्य पुन्हा पुन्हा, शांतपणे. खोटं मात्र बोलू नकोस. गप्प बसलेला मुलगा नंतर खरं बोलू शकतो, पण एकदा खोटं बोललास तर पुढचं खरंही कुणी मानत नाही.

मग एक प्रश्न तू विचार: “साहेब, मी जाऊ का?” माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. ‘हो’ म्हणाले तर लगेच निघ, तिथं रेंगाळू नकोस. ‘नाही’ म्हणाले तर तू ताब्यात आहेस, मग विचार: “कशासाठी आणि कोणत्या ठाण्यात नेताय?” उत्तर मिळालं की ते आठवणीत ठेव. छातीवरच्या पट्टीवरचं नाव, गाडीचा नंबर, वेळ, जागा, सोबत कोण होतं, हेही ठेव. गावात असशील तर पोलीस पाटलांना किंवा दुकानावरच्या माणसांना ओरडून सांग, “आजीला सांगा, मला अमुक ठाण्यात नेताहेत.” चार माणसांनी पाहिलेली गोष्ट नंतर पुसता येत नाही.

मोबाईलवर चित्रीकरण करावं का, हे पोरं मला हमखास विचारतात. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्याखालचं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, म्हणून तिथल्या चित्रीकरणावर त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये आणि औरंगाबाद खंडपीठाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. तरी सोळा वर्षांच्या पोराने रात्री नाकाबंदीत पोलिसाच्या तोंडासमोर मोबाईल धरावा असं मी सांगणार नाही. ते काम बाजूला उभ्या मोठ्या माणसाने करावं. तू फक्त घरी लोकेशन पाठव.

गाडी असेल तर

हे थोडक्यात, पण कडक शब्दांत. अठरा वर्षांच्या आत गिअरची गाडी चालवणं गुन्हाच आहे. सोळानंतर फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालते, तीही परवाना काढून. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. “शेतात जायला लागते” हे कारण तिथं चालत नाही. गाडी पोलिसांना अडकवून ठेवता येते, पण त्याची पावती मिळालीच पाहिजे. दंडाची रक्कम पावतीशिवाय, चलनाशिवाय कुणाच्याही हातावर ठेवू नका.

मोबाईल मागितला तर

अलीकडं लेकरं सगळ्यात जास्त अडकतात ती स्टेटसमुळं. महापुरुषांबद्दल, जाती-धर्माबद्दल कुणीतरी पाठवलेलं चित्र रात्री स्टेटसला ठेवलं जातं आणि सकाळी दारात जमाव असतो. वाढदिवसाचा केक तलवारीने किंवा कोयत्याने कापतानाचं रील हा दुसरा प्रकार, त्यात शस्त्र कायदा लागू शकतो. अशा वेळी स्टेटस काढून टाका, माफी मागा, पण मोबाईल फोडणं, पुरतं रिकामं करणं असलं काही करू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप वेगळा लागतो. जमाव दारात असेल तर ११२ ला फोन करून पोलीस स्वतः बोलवा. त्या तासाला पोलीस हेच लेकराचं संरक्षण असतं.

गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर पोलिसांना मोबाईल जप्त करता येतो. पण जप्ती म्हणजे पंचनामा, पंचांच्या सह्या आणि यादी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रणही करायचं असतं. ‘ठेवून घेतला, आठ दिवसांनी ये’ ही जप्ती नव्हे. रस्त्यात उभं करून गॅलरी आणि चॅट चाळायला मागितले तर “साहेब, वडील आल्यावर त्यांच्यासमोर दाखवतो” म्हणा. हिसकावला तर झटापट करू नका, वेळ आणि नाव लक्षात ठेवा.

ठाण्यात पोचल्यावर, घरच्यांसाठी

जो आधी पोचू शकतो त्याने निघायचं, ‘मोठ्या माणसाला घेऊन जाऊ’ म्हणून थांबायचं नाही. पुढाऱ्याला फोन करायची आपल्याकडं सवय आहे. मी त्याला विरोध करत नाही, कधी कधी त्याने लेकरू लवकर सुटतंही. पण पुढाऱ्याच्या फोनवर सुटलेल्या लेकराचीही कुठं नोंद नसते आणि पुढच्या महिन्यात त्यालाच पुन्हा उचललं जातं. फोन करा, पण कागदही द्या.

ठाणे अंमलदारासमोर शांतपणे तीन गोष्टी विचारा. लेकराला कोणत्या नात्याने आणलं आहे, साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून? बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत? स्टेशन डायरीत नोंद किती वाजता झाली?

उत्तर ‘साक्षीदार’ असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ पाहा. साक्षीदाराला लेखी आदेशाने बोलवायचं असतं. पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि कोणत्याही वयाच्या मुलीला किंवा बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावताच येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं. साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत, आणि साक्षीदाराला रात्रभर ठेवता येत नाही.

उत्तर ‘संशयित’ असेल तर बाल न्याय कायदा पूर्ण ताकदीने लागू होतो. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात लेकराला ठेवता येत नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही, हे कलम १० मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम ८ तर ठाण्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा असा आहे. बेडी, दोर, साखळी नाही. बळजबरी नाही. गुन्हा कबूल करायची सक्ती नाही. कोणत्याही जबाबावर लेकराची सही घ्यायची नाही. विचारपूस फक्त बालस्नेही जागेत करायची, आणि ती चौकशीची कोठडी वाटता कामा नये. त्या वेळी पालक सोबत बसू शकतात. अधिकाऱ्याने गणवेशात नाही, साध्या कपड्यांत बोलायचं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, म्हणजे वकील मिळतो.

सहीबद्दल पुन्हा सांगते, कारण माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या भानगडी सहीच्या असतात. “इथं सही कर आणि जा” या वाक्याला लेकरं आणि आई-बाप दोघंही फसतात. लेकराने सही करायचीच नाही. पालकाने ताबा पावतीवर, म्हणजे लेकरू ताब्यात मिळाल्याच्या पावतीवर, सही करावी, पण वाचून. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, मग सहीखाली तारीख आणि वेळ घाला. कोरा कागद असेल तर सही नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे मोठ्यांनाही लागू आहे. तरी कोऱ्या कागदावर पुढं काय लिहिलं जाईल ते कुणी सांगावं.

आणखी एक महत्त्वाचं. त्याच नियम ८ प्रमाणे मुलाविरुद्ध एफआयआर नोंदवायचा तो गुन्हा अतिगंभीर असेल, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा, किंवा तो मोठ्या माणसांसोबत मिळून केल्याचा आरोप असेल तरच. बाकी प्रकरणांत डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडं पाठवायचा. पकडायचा अधिकारही साधारणपणे अतिगंभीर गुन्ह्यांपुरता, किंवा लेकराच्या हितासाठीच पकडणं गरजेचं असेल तर. पोरांची मारामारी, किरकोळ चोरी, स्टेटस या कारणांवरून पोराला रात्रभर ठेवण्याचं समर्थन बहुतेक वेळा होऊच शकत नाही. ‘चॅप्टर केस’ (पुढं शांतता राखीन असा बाँड लिहून घ्यायची कारवाई) ही धमकी तर पोकळ आहे: बाल न्याय कायद्याच्या कलम २२ नुसार बालकावर चॅप्टरची कारवाई करता येत नाही.

सोडलं नाही तर

प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढं उभं करावंच लागतं. किनवटहून नांदेड किंवा आष्टीहून बीड गाठायला लागणारा वेळ वेगळा, पण ‘उद्या सुट्टी आहे, सोमवारी नेऊ’ हे चालत नाही. मंडळाची बैठक नसेल तर एखाद्या सदस्यासमोर हजर करता येतं. तोपर्यंत मुक्काम निरीक्षणगृहात, ठाण्यात नाही.

जामीन हा इथं अपवाद नसून नियम आहे. कलम १२ प्रमाणे गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, लेकराला जामिनावर सोडायचं असतं. नाकारायची कारणं तीनच: सुटल्यावर ते सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल. कारण लिहून द्यावं लागतं. जामिनाची अट पूर्ण न झाल्याने लेकरू सात दिवस आतच राहिलं तर अट बदलण्यासाठी पुन्हा मंडळापुढं न्यावं लागतं. सोळा ते अठरा वयाचं मूल आणि अतिगंभीर गुन्हा असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं आणि खटला मोठ्यांसारखा चालू शकतो. तिथं अनुभवी वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बालकांना, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि ताब्यातल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुका न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. फोनवर १५१००. चाइल्डलाईन १०९८ रात्रीही उचलला जातो.

मुली, आणि बागेत बसलेली जोडपी

कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे कोणत्याही वयाची. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी मुलीला अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने, न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊनच. अंगझडती फक्त महिला पोलिसानेच घ्यायची. लेकरू स्वतः लैंगिक अत्याचाराचं पीडित असेल तर पोक्सोच्या (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम २४ प्रमाणे जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा, आणि रात्री कोणत्याही कारणाने त्याला ठाण्यात थांबवायचं नाही.

दामिनी पथकाने (छेडछाड रोखायला फिरणारं पोलिसांचं पथक) बागेत बसलेल्या मुला-मुलीला हटकल्याच्या तक्रारी दर महिन्याला येतात. पथकामुळं छेडछाड थांबते हे मी स्वतः पाहिलं आहे. पण सार्वजनिक जागी एकत्र बसणं हा गुन्हा नाही. घरी कळवणं वेगळं. उठाबशा काढायला लावणं, व्हिडिओ काढणं, ‘मिटवायला’ पैसे मागणं हे पूर्ण बेकायदा. सोबत मुलांनाही सांगून ठेवा: अठराखालच्या मुलीची संमती पोक्सोत संमती धरली जात नाही, प्रेम कितीही खरं असलं तरी.

फोटो, बदनामी आणि भरती

ठाण्यात बसलेल्या पोराचा फोटो अर्ध्या तासात गावच्या ग्रुपवर येतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार बालकाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे वर्तमानपत्रांना, पोर्टलला लागू आहे तसं ग्रुपवर पुढं ढकलणाऱ्या भाऊजींनाही. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि लेखी तक्रार द्या.

आपल्या भागात पहाटे चारला उठून भरतीसाठी पळणारी हजारो पोरं आहेत. त्यांच्या आई-बापांची खरी भीती तुरुंगाची नसते, ‘पोराची भरती गेली’ याची असते. त्यांना मी कलम २४ वाचून दाखवते: बाल न्याय कायद्याखाली निकाल लागलेल्या प्रकरणामुळं मूल पुढं कशालाही अपात्र ठरत नाही. निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी उघड करायची नाही, हे कलम ७४ मध्येच आहे. अपवाद फक्त सोळावरच्या ज्यांचा खटला मोठ्यांसारखा चालला त्यांचा. भरतीचा अर्ज भरताना गुन्ह्याच्या माहितीच्या रकान्यात काय लिहायचं ते वकिलाला विचारूनच लिहा, तिथं लपवाछपवी केली तर नोकरी त्या कारणानेही जाऊ शकते.

पारधी, वडार, कैकाडी वस्त्यांवरच्या लेकरांबद्दल वेगळं सांगायला हवं. अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून त्यांना ‘विमुक्त’ म्हणतात. तरी जवळपास घरफोडी झाली की पहाटे जीप वस्तीवरच येते आणि मोठी माणसं सापडली नाहीत तर पोराला नेतात, बाप हजर व्हावा म्हणून. बापाच्या बदल्यात लेकरू ठेवायचा अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं आहे. अशा वेळी १०९८ ला फोन, आणि मग त्याच दिवशी बाल न्याय मंडळाला लेखी अर्ज.

मारलं असेल, पैसे मागितले असतील

आधी सरकारी दवाखाना. वळ दोन दिवसांत जातात, केसपेपर राहतो. डॉक्टरांना ‘पोलिसांनी मारलं’ हे शब्द लिहायला सांगा, तारखेसह फोटो काढा. मंडळापुढं उभं केल्यावर लेकराने ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे, घाबरत असेल तर वकिलाने. कबुलीसाठी मारणं हा न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४. पैसे देऊन झाल्यावर नाही, देण्याआधी.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायचा आणि चित्रण अठरा महिने जपायचा आदेश दिला आहे. चित्रण जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच अर्जात करा. तो अर्ज असा, वहीच्या कागदावरही चालतो:

प्रति, ठाणे अंमलदार व बालकल्याण पोलीस अधिकारी, पोलीस ठाणे …
विषय: माझ्या नातवाला / मुलाला ठाण्यात आणल्याबाबत.
माझा नातू …, जन्मतारीख … (शाळेचा दाखला जोडला आहे), यास आज … वाजता … येथून आपल्या ठाण्यात आणले आहे. तो अठरा वर्षांखालील बालक आहे. त्यास कोणत्या कारणासाठी व कोणत्या नात्याने आणले ते लेखी कळवावे, स्टेशन डायरीत नोंद घ्यावी, त्याच्याशी बोलताना मला हजर राहू द्यावे, त्यास लॉकअपमध्ये ठेवू नये व त्याची कोणत्याही कागदावर सही घेऊ नये. गुन्हा नसल्यास त्यास माझ्या ताब्यात द्यावे, असल्यास बाल न्याय मंडळापुढे हजर करावे. आज … वाजल्यापासूनचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे.
सही / अंगठा, नाते, मोबाईल नंबर, तारीख, आत्ताची वेळ.

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि सही घ्या. पोच देत नसतील तर ठाण्याच्या दारात उभं राहून त्या कागदाचा फोटो काढा, तो पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या ईमेलवर पाठवा आणि ११२ ला फोन करून हेच सगळं सांगा. त्या फोनची वेळही कागदाच्या मागं लिहून ठेवा.